तसं नव्हतं, मर्दा!

पन्हाळ्याला जाणं ही कोल्हापूरकराच्या लेखी सहल नव्हे. सहल म्हटली की महाबळेश्वर, आंबोली, झालंच तर गोवा. पन्हाळ्याला आपण नुसतं ‘जाऊन येतो’. संध्याकाळी कुणाच्या तरी डोक्यात येतं, गाडी बाहेर निघते, शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली एकेक मागं पडतं, वाघबीळ आलं की चढ सुरू होतो आणि वर एक कणीस, एक चहा उरकून माणूस रात्रीच्या जेवणाला घरी हजर. वीस-बावीस किलोमीटरचं तर काम. पुण्यात लोक यापेक्षा लांब रोज नोकरीला जातात.

म्हणूनच पन्हाळ्यावर मुक्कामाला कोल्हापूरचा माणूस सहसा जात नाही. तिथल्या हॉटेलांत उतरतात ते मुंबई-पुण्याचे, नाहीतर बेळगाव-निपाणीकडचे. खाली आपल्याच गावाचे दिवे दिसत असताना वर पैसे भरून झोपायचं, हे आपल्या हिशेबात बसत नाही. गेल्या आषाढात मी ते केलं, कारण पुण्याहून मित्र आला आणि हटून बसला.

हा मित्र शाळेतला. एकाच पेठेत, एकाच बोळात आम्ही वाढलो. नोकरीनिमित्त तो पुण्याला गेला, तिथंच घर झालं, तिथंच निवृत्ती. एरवी फोनवर शुद्ध बोलतो. पण किणीचा टोलनाका ओलांडला की पुणं गळून पडतं आणि ‘मर्दा’ सुरू होतं. तो म्हणाला, “खाली नको. खाली तुझं घर, माझा भाऊ, कुणाची तरी पूजा, कुणाचं तरी बारसं. बोलणं राहूनच जातं. वरच राहूया की.” बायकोनं विचारलं, “पन्हाळ्यावर राहायचं? कशाला?” प्रश्न बरोबरच होता. दोघांनाही जे पाठ आहे ते बघायला दोघांनी मिळून कशाला जायचं?

थंड हवेची आपली बहुतेक गावं साहेबानं वसवली. महाबळेश्वर १८२८च्या सुमारास सर जॉन माल्कमनं नावारूपाला आणलं, माथेरान १८५० साली ठाण्याच्या कलेक्टर मॅलेटनं ‘शोधलं’ म्हणतात. धनगर-कातकरी तिथं आधीपासून होतेच, पण ते असो. उकाडा सोसेना म्हणून काढलेली ती गावं. पन्हाळा त्यातला नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहारांच्या दुसऱ्या भोजानं गड बांधला. मग यादव, बहामनी, आदिलशाही, शिवाजी महाराज, मोगल, पुन्हा मराठे. १७८२ साली राजधानी खाली कोल्हापुरात हलली, तोवर करवीरचं राज्य इथूनच चालायचं. १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडात कर्नल ओव्हान्स नावाच्या बड्या साहेबाला पकडून इथंच डांबलं होतं. बंड मोडल्यावर इंग्रजांनी राग काढला तो चार दरवाजावर. आजही तटाच्या आत तीनेक हजार माणसांचं गाव नांदतंय. गिरिस्थान नगरपरिषद आहे, तहसील कचेरी आहे, शाळा आहेत, पोस्ट आहे. सातबाऱ्यासाठी वर आलेला शेतकरी आणि सेल्फीसाठी आलेलं जोडपं एकाच टपरीवर चहा पितात. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. सत्कार, फ्लेक्स सगळं झालं. आता आपल्याला घराचं पत्रं तरी बदलता येणार का, ही धाकधूकही गावात होती. गडावर राहणाऱ्या माणसांचा गड म्हटला की हे आलंच.

वाघबीळाच्या वळणावर मित्रानं काच खाली केली. “इथंच तुझी चेन पडलेली बघ.”

मी म्हणालो, “चेन नव्हे, पंक्चर. आणि सायकल तुझी होती.”

“तसं नव्हतं, मर्दा. मी कॅरेजवर बसलेलो. मला सायकल कुठं यायची तेव्हा?”

मॅट्रिकच्या सुट्टीतली गोष्ट. तासावर भाड्यानं मिळणारी सायकल घेऊन आम्ही पन्हाळ्याला निघालो होतो, एवढ्यावर दोघांचं एकमत. पुढं फाटे फुटतात. माझ्या आठवणीत सायकली दोन, त्याची पंक्चर, मी दोन्ही ढकलत वरपर्यंत नेल्या. त्याच्या आठवणीत सायकल एक, माझी चेन पडली, काळ्या हातांनी मी रडवेला झालो आणि त्यानं कुठल्याशा ट्रकवाल्याला हात केला. उशीर झाल्याचं जादा भाडं कुणी भरलं यावर तर आम्ही पार्किंगपर्यंत भांडलो. सायकलवाल्याचं दुकान जाऊन तिथं आता मोबाइलचं दुकान झालंय. त्याची पाठकोऱ्या कागदांची वही कधीच रद्दीत गेली असणार. निकाल द्यायला कुणी उरलेलं नाही.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलोय. बायकोला सांगितली, पोरांना चढ दिसला की सांगितली, ऑफिसच्या सहलीत सांगितली. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली. त्यात दोन सायकली ढकलणारा मी दरवेळी थोडा थोडा दणकट होत गेलो. कुणी कधी अडवलं नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी तिथं कुणी नव्हतंच. घरच्यांना आपण भेटतो ते बेतून-शिवून झाल्यावर. ते जे ऐकतात ती आपली अधिकृत प्रत. तिला हरकत घ्यायचा हक्क जगात दोन-चार माणसांनाच असतो आणि वय वाढतं तशी ती माणसं कमी होत जातात.

नव्या मित्राला हा हक्क नसतो. त्याला आपण जे सांगू ते त्याचं भांडवल. म्हणून नव्या मैत्रीत गप्पा झकास रंगतात. जुन्या मित्राबरोबर तेवढ्या रंगत नाहीत, मध्येच अडतात. एक जण काही सांगायला लागला की दुसरा मान हलवतो. पण मला वाटतं, त्या अडण्यासाठीच त्याच्याबरोबर कुठं तरी जावं.

हे शाळेच्या स्नेहसंमेलनात का होत नाही, असं कुणी विचारेल. आमच्याही बॅचचं झालं. हॉल, भगवे फेटे, सनई, स्मृतिचिन्हं, हयात असलेल्या सरांचा सत्कार. चाळीस-पन्नास जण बोलले आणि सगळ्यांनी त्याच चार गोष्टी सांगितल्या: सरांची छडी, पावसात गळणारा वर्ग, कुणाचं तरी टोपणनाव, कुणाची तरी पकडलेली चिठ्ठी. प्रत्येक गोष्टीला सगळे एकदम हसले. त्यानंतर रोज सकाळी ग्रुपवर फुलं येतात. चांगली माणसं आहेत, अडीअडचणीला धावून येतात, माझी तक्रार नाही. पण माईक हातात आला की माणूस सगळ्यांना मान्य होईल तेवढंच आठवतो. हरकत घ्यायला दोघंच लागतात, वेळ लागतो, आणि घरी जायची घाई नसावी लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंबरखान्यात गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या. गंगा कोठी सगळ्यात मोठी. पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत पाऊल टाकलं की अंधार आणि गारवा एकदम अंगावर येतो. बाहेरून भिंतीला लागून दगडी जिना वर जातो, छताला भोकं आहेत; वरून धान्य ओतायचं, खालून काढायचं. त्या भोकांतून उजेडाचे गोल जमिनीवर पडतात आणि ढग आला की विझतात. एक गाइड चार जणांच्या कुटुंबाला पन्हाळ्याचा वेढा आणि महाराज त्यातून कसे निसटले ते सांगत होता. सिद्दी जौहर, १६६०चा मार्च ते जुलै, धो धो पाऊस, दोन पालख्या, शिवा काशीद, आषाढी पौर्णिमेची रात्र, राजदिंडीची वाट, बाजीप्रभू, घोडखिंड. त्यानं सांगितलंही सुरेख. धाकट्या पोराचा आइसक्रीमचा कोन हातातच वितळला.

मला मात्र तिथं वेढा घालणारा आदिलशाही सरदार जौहर आठवत राहिला. चार महिन्यांहून जास्त त्यानं ऐन पावसात वेढा हलू दिला नाही. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजांचं निशाण लावून तोफगोळ्यांसह त्याच्या मदतीला आला (पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापुरावर जाऊन या इंग्रजांना कैदेत टाकलं). आणि एवढं करून विजापुरात आदिलशहाला वाटलं काय, तर जौहर फितूर झाला, त्यानंच वाट सोडली. ज्याला आपण पन्हाळ्याचा काळ म्हणतो तो स्वतःच्या दरबारात गद्दार ठरला. त्याची बाजू मांडणारा कुणी या गडावर भेटायचा नाही, विजापुरातही भेटायचा नाही. हरकत घेणारं माणूस शिल्लक राहिलं नाही की गोष्ट सरळसोट होते.

मित्राला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, “तू आता जौहरची वकिली करणार? भूक लागली मर्दा, चल.”

तीन दरवाजाकडं गेलो. अंधारबावीच्या आसपास आणि पुढं दरवाजापर्यंत झुणका-भाकरवाल्या बायका बसतात. निळं ताडपत्रीचं छत, तीन दगडांची चूल, ओल्या लाकडांचा धूर. एका मावशींपुढं बसलो. हातावर थापलेली भाकरी तव्यावर, पाणी फिरवून उलटी, मग निखाऱ्यापाशी उभी, टम्म फुगली की थेट ताटात. वर पिठलं, हिरव्या मिरचीचा खर्डा, कांदा फोडून. दही मातीच्या लोटक्यात. खर्ड्यानं मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं, पुण्याची सवय.

मावशींनी विचारलं, “कुठलं पावनं?”

“कोल्लापूरचं.”

“कोल्लापूरचं आसून पन्हाळा बगाय आलाय व्हय?” आणि त्या जोरात हसल्या. मग २०२१च्या पावसात रस्ता खचला तेव्हाचं सांगू लागल्या. किती तरी महिने गाड्याच वर येत नव्हत्या, गिऱ्हाईक नाही, खालून ओझं डोक्यावर घेऊन चढायचं. शेजारच्या चुलीवरची बाई लगेच म्हणाली, “तू कुटं चढत हुतीस? तुजा ल्योक आणायचा.” दोघींची जुंपली. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि आणखी एक भाकरी मागितली.

दुपारनंतर धुकं उतरलं. सज्जा कोठी कड्याच्या अगदी टोकाला आहे. एरवी तिथून खालचं खोरं आणि जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसतो, त्या दिवशी चार हातांपलीकडं काही दिसत नव्हतं. संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडून परतले ते १६७९च्या अखेरीस पन्हाळ्यावर. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला महाराज त्यांना इथं येऊन भेटले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराज गेले. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावरच होते. पितापुत्रांची ती भेट याच कोठीत झाली असं गडावर सांगतात. नाटकांनी, कादंबऱ्यांनी, सिनेमांनी या भेटीत संवाद भरले, कुणी रडवलं, कुणी गर्जना करायला लावली. खरोखर काय बोलणं झालं असेल? बाप थकलेला, मुलगा दुखावलेला, मध्ये एवढं मोठं राज्य. कदाचित दोघं फार बोललेही नसतील.

आम्ही खिडकीच्या कट्ट्यावर टेकलो होतो. मित्र एकदम म्हणाला, “अण्णा मला खासबागेत न्यायचे, आठवतंय?”

अण्णा म्हणजे माझे वडील. “कोण? अण्णा? कुस्तीला?”

“तर. दोन-चार वर्षं तरी. माझ्या बापाची तेव्हा बदली झालेली नव्हती का रत्नागिरीला?”

माझे वडील साखर कारखान्यात हिशेबनीस. घरी आले की चप्पल एका फरशीवर, छत्री एका खुंटीला, वर्तमानपत्राची घडी होती तशीच पुन्हा. रेडिओ बातम्यांपुरता. ते कुणावर ओरडले नाहीत आणि कुणाशी मोकळं बोललेही नाहीत. कुस्तीचं नावही मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी तसं म्हणालो.

“तसं नव्हतं, मर्दा,” तो म्हणाला, पण या वेळी सायकलच्या भांडणातला सूर नव्हता. “पैलवान आत आले की अण्णा उभे राहायचे. मागची माणसं ओरडायची खाली बसा म्हणून. टाळ्या तर असल्या वाजवायचे! आणि कुस्ती सुटली की आपल्या बोळापर्यंत गात यायचे.”

“गात?”

“नाट्यगीतं. मोकळ्या गळ्यानं. रात्री रस्त्यात. मला लाज वाटायची.”

खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली पुरं केलं. बशीसारखं खोलगट, कुठंही बसा, मधल्या लाल मातीतली कुस्ती सगळ्यांना सारखी दिसते. शेजारीच पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, जे २०२४च्या ऑगस्टात आगीत जळालं. एका बाजूला कुस्ती, एका बाजूला नाटक, दोन्ही एका आवारात, ही शाहू महाराजांची कल्पना. त्या आवारातून माझे वडील मित्राचा हात धरून गात घरी यायचे आणि तेव्हा मी घरात होतो. मित्राला विचारलं, मग मला का नाही नेलं? तो सहज म्हणाला, “तुझं गणित कच्चं होतं. तुला पाढे लावून यायचे.”

मला आधी राग आला. वडलांचा नाही, याचा. मग त्याच्यावर विश्वास बसेना. मग हेवा वाटला. माझ्या वडलांची एक अख्खी बाजू या माणसाकडं इतकी वर्षं पडून होती आणि त्यानं ती कधी दिली नाही, कारण माझ्याकडं ती असणारच असं तो धरून चालला होता. आपल्या माणसांचं आपल्याला सगळं ठाऊक असतं असं आपण समजतो. आई-वडील शेजाऱ्याच्या पोराशी कसे वागायचे, हे आपल्याला कसं कळणार? ते त्या पोरालाच विचारायला हवं, आणि ते पोर आता साठीत आहे, त्याला मधुमेह आहे, पुण्याला राहतं.

बरं, त्याचं तरी खरं कशावरून? अमेरिकेतल्या उल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर एक प्रयोग केला होता. १९८६च्या जानेवारीत चॅलेंजर यान हवेत फुटलं. नायसरनं दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठं कळली, कुणी सांगितली, तुम्ही काय करत होता. अडीचेक वर्षांनी त्यांनाच पुन्हा तेच विचारलं. कित्येकांची उत्तरं स्वतःच्याच जुन्या उत्तरांशी जुळेनात आणि तरी आपल्याला नीट आठवतंय याची त्यांना पक्की खात्री होती. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी नवी आठवण मागं हटेना. अडीच वर्षांत ही गत, तर आमची काय कथा! आमच्याकडं तर कागदही नाही. खासबागेतले अण्णा त्यानं जसेच्या तसे जपले असतील, किंवा त्या वर्षांत बाप लांब असलेल्या पोरानं ते हळूहळू रंगवले असतील. दोन्ही शक्य आहे. मला ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही फार बोललो नाही. पावसानं पत्र्यावर ताल धरला होता. हॉटेलच्या पोरानं गरम पाणी हवं का विचारलं, मित्रानं गोळ्या घेतल्या, त्याच्या मुलाचा टोरांटोहून व्हिडिओ कॉल आला. पलीकडून मुलानं विचारलं, “बाबा, कुठं आहात?” हा म्हणाला, “डोंगरावर.” आणि मग त्यानं मुलाला सायकलची गोष्ट सांगितली. अर्थात स्वतःची. मी शेजारी बसून होतो, मध्ये तोंड घातलं नाही. मुलानंही ती आधी ऐकलेली असावी, कारण तो ट्रकवाला यायच्या आधीच हसला.

सकाळी उघडीप होती. मोरोपंतांच्या नावाच्या ग्रंथालयाकडून चक्कर मारली. मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले आणि पुढं बारामतीला स्थिरावले. शाळेत आर्या पाठ करताना आम्ही दोघांनीही त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्यात. या माणसानं रामायण एकशेआठ तऱ्हांनी रचलं अशी ख्याती आहे. एक तर निरोष्ठ, म्हणजे प, फ, ब, भ, म यांतलं अक्षरच येऊ द्यायचं नाही, ओठाला ओठ न लावता आख्खा राम सांगायचा. राम म्हणतानाच ओठ मिटतात, तेव्हा खुद्द नायकाचं नाव घ्यायची सोय नाही! विद्वानांनी या कसरतींना नाकं मुरडली आहेत आणि मलाही शाळेत ते सगळं शब्दांचं सर्कसकाम वाटायचं. आता तसं वाटत नाही. ज्याला एक गोष्ट इतक्यांदा सांगावीशी वाटते त्याला पहिली प्रत पुरेशी वाटलेली नसणार.

मित्र म्हणाला, “एकशेआठ? आणि मी सायकलच्या दोन सांगितल्या तर तुला राग येतो.”

उतरताना वाघबीळाला त्यानं मुद्दाम गाडी थांबवायला लावली. उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि हातवारे करून ट्रक कुठं थांबला होता ते दाखवू लागला. मागून येणाऱ्या एसटीनं हॉर्न दिला. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून आम्हाला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही, पण कोल्हापुरी होतं आणि आम्हा दोघांच्याही तंतोतंत लक्षात आहे.

घरी आल्यावर राहवेना म्हणून सांगलीला ताईला फोन लावला. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तिचं लग्न होईपर्यंत घरातलं सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालेलं. विचारलं, “अण्णा गायचे का गं? कुस्त्यांहून येताना?”

“गायचे?” ती हसली. “छे रे! अण्णा शिट्टी वाजवायचे. पेठेत ऐकू जायची. आई चिडायची, म्हणायची, हिशेबनिसाला शोभतं का हे?”

म्हणजे आता तिसरंच निघालं. मी ते मित्राला जसंच्या तसं कळवलं. तो तोवर कराडपर्यंत पोचला असेल, पण किणी मागं पडूनही त्याची भाषा अजून बदलली नव्हती. लगेच उत्तर आलं: “ताई कवा आलत्या खासबागंत?”